चार बांध मोजले, तरी वावर किती?

१. चार आकड्यांचा हिशेब

नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यासारख्या गावात जमिनीचा एखादा तुकडा विकायचा, भावाभावांत वाटायचा किंवा कसायला द्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो : वावर भरतं किती? टेप घेऊन माणसं चारही बांध चालून येतात आणि चार आकडे कागदावर उतरवतात. मग समोरासमोरच्या दोन बांधांची बेरीज निम्मी करायची, उरलेल्या दोन बांधांचीही तशीच करायची आणि या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. मापं फुटांत असतील तर येणाऱ्या आकड्याला १,०८९ ने भागलं की गुंठे निघतात, कारण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. ही रीत फार जुनी आहे. ईजिप्तमध्ये एडफू इथल्या देवळाच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या जमिनींच्या नोंदी याच रीतीने केलेल्या आहेत, आणि आपल्याकडच्या गावोगावच्या तोंडी हिशेबात ती अजूनही टिकून आहे.

अडचण पुढे येते. रीतसर मोजणी झाली की आकडा बहुतेक वेळा घरच्या हिशेबापेक्षा कमी भरतो, आणि मग लोक विचारतात : चारही बाजू नीट मोजल्या होत्या, टेप तोच, माणसं तीच, मग जमीन गेली कुठे? जमीन कुठेही जात नाही. चूक मोजण्यात नसते, ती एका समजुतीत असते. चार बाजू कळल्या की चौकोन कळला, असं आपण धरून चालतो. त्रिकोणाच्या बाबतीत ही समजूत बरोबर आहे, चौकोनाच्या बाबतीत नाही. शाळेत पाठ केलेली चौरस, आयत, समभुज चौकोन, समांतरभुज चौकोन, समलंब चौकोन, पतंग ही नावं नेमकी इथे उपयोगी पडतात. चौकोनाचं नाव त्याचा चेहरा दाखवण्यासाठी नसतं, ते जामीन राहण्यासाठी असतं. कोणती मापं घेतली नाहीत तरी चालेल, याची हमी ते नाव देतं. या प्रकरणात चौकोनांची वर्गवारी त्याच अंगाने पाहायची आहे.

२. खाट तिरकी का होते?

तीन काटक्या घ्या आणि टोकाला टोक सुतळीने बांधा. झालेला त्रिकोण दाबून पाहिला तर काटकी मोडेल, पण आकार बदलणार नाही. आता चार काटक्या तशाच बांधा. नुसतं बोट लावलं तरी चौकट एका अंगाला कलते, चौरसाची तिरकी पाकळी होते, आणखी ढकललं तर जवळजवळ चपटी होते. काटक्या त्याच, त्यांची लांबीही तीच. बदलले ते फक्त कोपऱ्यांतले कोन. जुनी खाट काही वर्षांत तिरकी होते ती याच कारणाने : गाते आणि उपळ्या आखडत नाहीत की वाढत नाहीत, फक्त सांध्यांत कोन सुटतात. सुताराला हे ठाऊक असतं. म्हणून दाराची नवी चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत तिच्यावर एक पट्टी तिरकी ठोकून ठेवतात. त्या पट्टीने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण हलत नाही.

आता वावराकडे या. समजा एका तुकड्याचे चारही बांध २५ मीटरचे आहेत. कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्र २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चौरस मीटर, सातबाऱ्याच्या भाषेत सव्वासहा आर. पण तोच तुकडा थोडा कललेला असेल आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर ३० मीटर भरत असेल तर? मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांतलं अंतर आपोआप ४० मीटर होतं, आणि क्षेत्र दोन्ही कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे ६०० चौरस मीटर, सहा आर. आणखी कललेला असेल, एक कर्ण १४ आणि दुसरा ४८ मीटर असेल, तर क्षेत्र उरतं ३३६ चौरस मीटर, साडेतीन आरालाही कमी. बांध तिन्ही वेळा २५ मीटरच. सरासरीची गावठी रीत या तिन्ही तुकड्यांना ६२५ म्हणते. तिसऱ्या तुकड्याच्या बाबतीत ती जमीन जवळजवळ दुप्पट करून सांगते.

हे २५, ३०, ४० आणि १४, ४८ चे आकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तले आहेत. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला आणि 'लीलावती' हा त्याचाच भाग. चारही बाजू २५ असलेल्या चौकोनाचं क्षेत्र विचारून त्यांनी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दाखवली. त्याआधी त्यांनी एक फटकाही मारला आहे. एक कर्ण किंवा एक लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्र विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलं आहे, आणि त्याला उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ. गणिताच्या ग्रंथात एवढा कडक शब्द सहसा सापडत नाही. चार बाजूंनी चौकोन ठरतो ही चूक त्या काळी किती पसरलेली असावी, हे त्यावरून कळतं.

भास्कराचार्यांचं नाव खानदेशाशी पक्कं जोडलेलं आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे गावी त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्या मठाला दिलेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख तिथल्या देवळात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. तापीखोऱ्यातल्या शेतकऱ्याला आज पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आठशे वर्षांपूर्वी याच मुलखात शिकवलं जात होतं.

३. पाच मापं

मग चौकोन पक्का करायला किती मापं लागतात? कोपरे एकेक करून रोवत गेलं की उत्तर सापडतं. पहिले तीन कोपरे म्हणजे एक त्रिकोण, त्याला तीन मापं पुरतात. चौथ्या कोपऱ्याची खुंटी कुठे ठोकायची हे ठरवायला आधीच्या दोन खुंट्यांपासूनची दोन अंतरं लागतात. तीन आणि दोन, पाच. चार बाजू आणि एक कर्ण, किंवा चार बाजू आणि एक कोन, काहीही घ्या, पण पाच हवीत. चारांत काम होतं असं कुणी म्हणत असेल तर पाचवी गोष्ट त्याने न सांगता गृहीत धरलेली असते. सरासरीची रीत ती चोरून धरते : तिच्या लेखी प्रत्येक वावराचे चारही कोपरे काटकोनी आहेत. म्हणून ती फक्त आयताला बरोबर लागू पडते, आणि बाकी प्रत्येक चौकोनाचं क्षेत्र वाढवूनच सांगते. ती कधीही कमी सांगत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कधी जास्त, कधी कमी असं होत असतं तर दहा व्यवहारांत फिटंफिट झाली असती. इथे तूट दरवेळी एकाच्याच पदरात पडते, आणि तो असतो घेणारा.

आता नावांकडे. चौरस म्हटलं की पाचपैकी चार मापं नावातच मिळाली, एकच बाजू मोजायची उरली. आयताला दोन मापं लागतात, लांबी आणि रुंदी. समभुज चौकोनालाही दोनच, पण दुसरं माप म्हणून कर्ण किंवा कोन घ्यावा लागतो, कारण दुसरी बाजू मोजून नवं काहीच कळत नाही. समांतरभुज चौकोनाला तीन, पतंगालाही तीन. समलंब चौकोनाला चार. आणि ज्याला काहीच नाव नाही त्या वेड्यावाकड्या चौकोनाला पाचच्या पाच. जेवढं नाव मोठ्या हमीचं, तेवढं टेप धरण्याचं काम कमी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. समोरचा तुकडा आयत आहे हे कळायलाही काही मोजावंच लागेल ना? मग माप वाचलं कुठे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर नावापेक्षा महत्त्वाचं आहे. हमी फुकट मिळत नाही, ती कुणीतरी आधी कमावलेली असते. घराचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यात गुण्या लावतो, किंवा एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करून मधलं अंतर बरोबर ५ फूट येतं का ते पाहतो, मग फक्की टाकतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले की पाया आयत आहे याबद्दल शंका उरत नाही. एवढं झाल्यावर त्या पायावरच्या खोलीला पुढे पन्नास वर्षं कुणीही दोनच मापं घेऊन फरशी मागवू शकतो. वावराचा बांध मात्र कुणी गुण्या लावून घातलेला नसतो. तो नाल्याच्या वळणाने, गाडरस्त्याच्या कलाने, वाटण्यांच्या तडजोडीने पडलेला असतो. म्हणून खोलीला जी रीत चालते ती वावराला चालत नाही.

४. चौफुलीतले चौकोन

कोन, बाजू आणि समांतर रेषा यांचं नातं समजायला कपाशीची चौफुली लागवड फार चांगली. आधी एका दिशेने सारख्या अंतरावर रेषा पाडायच्या, मग त्यांना छेदून जाणाऱ्या दुसऱ्या रेषा, आणि जिथे दोन रेषांची फुली पडते तिथे बी टोकायचं. पुढे कोळपं उभं आणि आडवं दोन्हीकडून चालतं, हा तिचा फायदा. आता एका रेषेला दोन्ही अंगांनी समांतर रेषा आहेत, आणि तिला छेदणाऱ्या रेषाही आपसांत समांतर आहेत. मधे जो चौकोन सुटतो त्याच्या समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्या समांतर असतात. हाच समांतरभुज चौकोन. त्याच्या समोरच्या बाजू सारख्या आणि समोरचे कोन सारखे असतात. शेजारचे दोन कोन मिळून १८० अंश होतात, म्हणजे एक कोपरा जेवढा चिमटतो तेवढाच शेजारचा फाकतो.

यात एक अट घाला : दोन्ही दिशांच्या रेषांमधलं सरळ अंतर सारखं ठेवायचं, समजा ३ फूट. आता चारही बाजू सारख्या होतात आणि प्रत्येक चौकोन समभुज होतो, रेषा एकमेकींना कोणत्याही कोनात छेदोत. वेगळी अट घाला : अंतर काहीही असो, पण रेषा काटकोनात छेदायला हव्यात. मग प्रत्येक चौकोन आयत होतो. दोन्ही अटी एकदम पाळल्या की चौरस. चौफुली बिघडते ती दुसरी अट सुटल्यामुळे. खुणा पाडणाऱ्याने ३ फुटांचं अंतर दोन्हीकडे चोख राखलं, पण आडव्या रेषा ६० अंशांच्या कलाने गेल्या, तर एका ओळीतल्या दोन झाडांतलं अंतर ३ ऐवजी सुमारे साडेतीन फूट होतं. झाडामागे जागा ९ चौरस फुटांऐवजी सुमारे १०.४ चौरस फूट लागते, आणि एकरी ४,८४० झाडं बसायची तिथे सुमारे ४,१९० बसतात. साडेसहाशे झाडं निव्वळ कोनापायी गेली. अंतर मोजून पाहणाऱ्याला चूक सापडणार नाही, कारण त्याच्या हातातली काठी दोन्हीकडे ३ फूटच दाखवते.

हेच कुटुंब कर्णांवरूनही ओळखता येतं. दोन काठ्या एकमेकींच्या बरोबर मध्यावर बांधा आणि चारही टोकांना दोरी ओढा. काठ्या कितीही लहानमोठ्या असोत, कितीही तिरक्या असोत, दोरीचा चौकोन समांतरभुजच होतो. काठ्या सारख्या लांबीच्या असतील तर आयत. काटकोनात बांधल्या असतील तर समभुज. सारख्याही आणि काटकोनातही असतील तर चौरस. आणि काटकोन राखून एका काठीची गाठ मध्यावरून वर सरकवली तर होतो पतंग : वरच्या दोन बाजू सारख्या, खालच्या दोन सारख्या, पण वरच्या आणि खालच्या वेगळ्या.

५. चौरसाला आयत म्हणायचं का?

हा प्रश्न पालक विचारतात, मुलं विचारतात, आणि अनेकांना त्याचं उत्तर पटत नाही. गणित म्हणतं, होय, प्रत्येक चौरस हा आयत असतो आणि समभुज चौकोनही असतो. विरोधात सांगितलं जातं की दुकानात आयताकृती टेबल मागितलं आणि चौरस टेबल आलं तर गिऱ्हाईक परत पाठवील. या बोलण्यात तथ्य आहे. शिवाय जुनी साक्षही त्याच बाजूची आहे : युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या आरंभी दिलेल्या व्याख्यांत चौरस वेगळा आणि लांबट काटकोनी चौकोन वेगळा ठेवला होता.

तरीही आजची रीत अधिक चांगली, आणि त्याचं कारण पुन्हा हमीत आहे. बोलताना आपण सर्वांत नेमकं नाव वापरतो, एवढाच त्या टेबलाच्या उदाहरणाचा अर्थ. रनाळ्याच्या माणसाला गाव विचारलं तर तो रनाळे सांगतो. म्हणून तो नंदुरबार जिल्ह्याचा नाही किंवा महाराष्ट्राचा नाही असं होत नाही. राज्यातल्या सर्वांना लागू असलेला नियम त्यालाही लागू असतोच, त्याच्या गावासाठी तो वेगळा काढावा लागत नाही. तसंच इथे. आयताचे कर्ण सारखे असतात हे एकदा सिद्ध झालं की चौरसासाठी ते पुन्हा सिद्ध करायला नको. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात, तेही चौरसाला आपोआप लाभलं. चौरस हा आयत आणि समभुज या दोन्ही घराण्यांचा वारस आहे, आणि दोन्हीकडची मालमत्ता त्याच्याकडे येते. युक्लिडच्या वाटणीत प्रत्येक घराला वेगळी चूल मांडावी लागते आणि तीच भाकरी तीनदा थापावी लागते.

६. एकच जोडी समांतर असते तेव्हा

समलंब चौकोनाची गोष्ट जरा वेगळी आहे. महाराष्ट्रातली पाठ्यपुस्तकं त्याची व्याख्या अशी करतात की समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असते. म्हणजे चौरसाला आयतात घेणारं पुस्तक समांतरभुजाला मात्र समलंबात घेत नाही. जगात यावर एकमत नाही. काही ठिकाणी निदान एक जोडी समांतर असली की पुरे मानतात, आणि मग समांतरभुजही समलंब ठरतो. आताच मांडलेला युक्तिवाद इथेही लावायचा तर ही दुसरी व्याख्या बरी वाटते, कारण समलंबाच्या क्षेत्रफळाची रीत, म्हणजे समांतर बाजूंची सरासरी गुणिले त्यांच्यातलं सरळ अंतर, समांतरभुजालाही तंतोतंत लागू पडते.

पण वावर मोजणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर 'एकच जोडी' या शब्दांना मोल आहे. समांतर बाजू लांबीने वेगळ्या असल्या तर चार बाजूंवरून समलंब चौकोन पक्का ठरतो. भास्कराचार्यांच्याच ग्रंथातलं दुसरं उदाहरण घेऊ : खालची बाजू १४, तिला समांतर असलेली वरची ९, बगलेच्या दोन बाजू १३ आणि १२. मोठ्या बाजूतून ९ लांबीचा समांतरभुज कापून काढा. उरतो एक त्रिकोण, त्याच्या बाजू १४ वजा ९ म्हणजे ५, शिवाय १२ आणि १३. तीन बाजू मिळाल्या, त्रिकोण पक्का, तो हलणार नाही. ५, १२ आणि १३ चा त्रिकोण काटकोनी असतो, म्हणून दोन समांतर बाजूंतलं अंतर बरोबर १२ निघतं. क्षेत्र : १४ आणि ९ ची सरासरी साडेअकरा, गुणिले १२, उत्तर १३८. आता हेच दोन्ही समांतर बाजू सारख्या धरून करून पाहा. वजाबाकी शून्य येते, त्रिकोणच उरत नाही, आणि चौकट पुन्हा ढिली होते. चौथं माप ज्याच्या जोरावर पुरेसं होत होतं ती गोष्टच नाहीशी झाली. म्हणून समलंबाला समांतरभुजापासून वेगळं ठेवण्यात हट्ट नाही, कारण आहे.

गावठी रीतीने याच तुकड्याचं क्षेत्र साडेअकरा गुणिले साडेबारा, म्हणजे १४३.७५ येतं. पावणेसहा जास्त.

७. वर्तुळाची हमी

आता भास्कराचार्यांचा राग कुणावर होता ते पाहू. त्यांच्या पाच शतकं आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' लिहिला. त्यात सरासरीची गावठी रीत आहे, पण ब्रह्मगुप्ताने तिला स्थूल म्हटलं आहे. तिच्या शेजारीच सूक्ष्म म्हणून दुसरी रीत दिली. चारही बाजूंची बेरीज निम्मी करायची, त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करायची, आलेल्या चार संख्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. १४, ९, १३, १२ ची निम्मी बेरीज २४. वजाबाक्या १०, १५, ११, १२. गुणाकार १९,८००. वर्गमूळ सुमारे १४०.७. गावठी रीतीपेक्षा जवळ, तरी १३८ नव्हे. भास्कराचार्यांनी नेमकं हेच उदाहरण घेऊन दाखवलं की ही रीत त्रिकोणाला चोख लागू पडते, चौकोनाला नाही.

दोघांपैकी चुकलं कोण? या प्रकरणाच्या भाषेत सांगायचं तर ब्रह्मगुप्ताच्या रीतीलाही पाचवी हमी लागते, आणि ती म्हणजे वर्तुळ. ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळाच्या परिघावर येतात, त्याचं क्षेत्र ही रीत अगदी अचूक देते. अशा चौकोनात समोरासमोरचे कोन मिळून १८० अंश होतात. आयत आणि चौरस त्यांत बसतात, बगला सारख्या असलेला समलंब चौकोनही बसतो. वरचा १३ आणि १२ च्या बगलांचा तुकडा बसत नाही. ब्रह्मगुप्ताच्या नियमाच्या शब्दांत ही अट उघड सांगितलेली नाही. अट नजरेआड झाली की खरा नियमही खोटं उत्तर देतो, आणि भास्कराचार्यांनी बोट ठेवलं ते या खोट्या उत्तरावर. त्यांचा आक्षेप बरोबर होता. पण त्या रीतीची खरी हद्द कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे एक अप्रतिम नियम नुसता कामचलाऊ ठरून मागे पडायचा धोका होता. दोष दाखवताना हद्दही दाखवली असती तर बरं झालं असतं, असं त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणावंसं वाटतं. त्या रीतीचा आणखी एक गुण असा की दिलेल्या चार बाजूंचे जितके चौकोन होऊ शकतात त्यांत सर्वांत मोठं क्षेत्र वर्तुळावर बसणाऱ्याचं असतं. म्हणजे ब्रह्मगुप्ताचा आकडा ही वरची मर्यादा आहे. वावर त्याहून मोठं असूच शकत नाही.

८. कर्णाची पाचवी रेघ

जमीन मोजणाऱ्यांनी ही सगळी भानगड एका साध्या युक्तीने सोडवली. नावाच्या भरवशावर राहायचंच नाही, प्रत्येक वावर बिननावाचं समजायचं आणि पाचवी रेघ स्वतः मोजायची. महाराष्ट्रात ही पद्धत शंकू-साखळी म्हणून ओळखली जाते. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग म्हणजे १६ आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा. वावराच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकत जायचं, आणि उरलेल्या कोपऱ्यांपासून त्या रेघेवर शंकूने काटकोन साधून लंब टाकायचे. लंबांची बेरीज गुणिले कर्ण, त्याचं निम्मं, झालं क्षेत्र. आपल्या १४, ९, १३, १२ च्या तुकड्यात १४ आणि १२ ज्या कोपऱ्यात मिळतात तिथून निघालेला कर्ण १५ भरतो. त्यावर एका बाजूचा लंब ११.२ आणि दुसऱ्या बाजूचा ७.२. बेरीज १८.४, गुणिले १५ म्हणजे २७६, निम्मे १३८. कोणती बाजू कुणाला समांतर, कोपरा काटकोनी आहे की नाही, यांतलं काहीच विचारावं लागलं नाही.

अशा मोजणीवर सारा ठरत असल्याने तिच्याकडे लोक संशयानेही पाहत. १८५२ साली खानदेशात महसुली मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत तिला उघड विरोध झाला होता. आज साखळीच्या जागी ईटीएस यंत्रं आणि उपग्रहांकडून जागा ओळखणारी रोव्हर यंत्रं आली आहेत, तेव्हा चौकोनांची ही वर्गवारी आता कशाला, असंही विचारलं जातं. यंत्र करतं काय ते पाहिलं की उत्तर मिळतं. ते प्रत्येक कोपऱ्याची जागा टिपतं, म्हणजे बांध, कर्ण आणि कोन यांची सगळी माहिती एकदम गोळा करतं, आणि मग क्षेत्र काढायला आकृतीचे त्रिकोणासारखेच सोपे तुकडे पाडतं. पाच मापांची गरज यंत्रालाही चुकलेली नाही. फरक एवढाच की ती घ्यायला कुणी विसरत नाही.

घरच्या हिशेबात मात्र कर्णाची पाचवी रेघ विसरली जाते, आणि तिथेच ती घेणं सर्वांत सोपं आहे. वावर मोकळं असेल तर चार बांधांनंतर एक कर्ण चालून यायचा. दोन त्रिकोण झाले की प्रत्येकाचं क्षेत्र तीन बाजूंवरून निघतं. ब्रह्मगुप्ताच्याच रीतीत चौथी बाजू शून्य धरली की झालं. कोपरा आत वळलेला असेल तर त्याच कोपऱ्यातून निघणारा कर्ण घ्यावा, नाहीतर रेघ शेजाऱ्याच्या वावरातून जाते. कपाशी छातीएवढी झाली असेल आणि मधून चालता येत नसेल तर एका कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर १०-१० फुटांवर खुंटी ठोकावी आणि दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर मोजावं. ते १४ फूट आणि पावणेदोन इंच भरलं तर कोपरा काटकोनी आहे. त्याहून कमी भरलं तर कोपरा चिमटलेला, जास्त भरलं तर फाकलेला. १० फुटांच्या खुणेवर बोटभर झालेली चूक शंभर फुटांच्या बांधावर दहा बोटं होते, म्हणून खुणा जितक्या लांब घेता येतील तितक्या घ्याव्यात. आणि व्यवहाराची घाई नसेल तर कापूस वेचून होऊन पऱ्हाट्या निघेपर्यंत थांबावं आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत टेप सरळ ओढून घ्यावा.